एलडीएल १५१ आलं. गोळी सुरू करायची का?

मुलुंडच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४२, नोकरी बीकेसीत, रोज लोकलचा प्रवास. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २२८, एलडीएल (ज्याला लोक 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) १५१, एचडीएल ('चांगलं') ३८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९५. रक्तदाब १३४/८६, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.९, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. दिवसाला दोन-तीन सिगारेटी. ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिल नॉर्मल. वडिलांना ४९व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. तपासणीच्या डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली आहे. सहकारी सांगतात, कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, गोळी एकदा लागली की सुटत नाही. आईने घरातून तूप, नारळ आणि अंडी बंद केली आहेत. त्यांचा प्रश्न: "ट्रेडमिल नॉर्मल असताना केवळ एका आकड्यासाठी गोळी घ्यायची का?"

मी २६ वर्षं परळ-लालबाग भागात फिजिशियन म्हणून काम करतो. हाच प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोरच्या खुर्चीत येऊन बसतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमची किडनी, लिव्हर, थायरॉइड, इतर औषधं यातलं मला काही ठाऊक नाही. त्यामुळे गोळीचा शेवटचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तो निर्णय कसा होतो, हे तुम्हाला समजलं पाहिजे.

"एका आकड्यासाठी" हे तुमचे शब्द मला खटकले, कारण एकट्या आकड्यावरून मीही कुणाला गोळी देत नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, गिरगावच्या. वय ६३. एकूण कोलेस्टेरॉल २४२, म्हणजे तुमच्याहून जास्त. एलडीएल १४८, जवळपास तुमच्याइतकंच. पण एचडीएल ७२, ट्रायग्लिसराइड्स ११०, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित, तंबाखूचा कधी स्पर्श नाही, आई-वडील दोघंही पंच्याऐंशीच्या पुढे जगले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन केला, तो शून्य आला. त्यांना मी अजून गोळी दिलेली नाही. वर्षातून एकदा रक्त तपासतो, बोलतो, आणि त्या पुन्हा आपल्या गाण्याच्या क्लासला जातात.

दुसरा रुग्ण मी कधीच विसरणार नाही. व्यवसायाला सुरुवात करून तीनेक वर्षं झाली होती. ४६ वर्षांचे बसचालक. मधुमेह, मळलेली तंबाखू दिवसभर तोंडात. एकूण कोलेस्टेरॉल १७६. रिपोर्टवर २००च्या आत म्हणजे नॉर्मल असं छापलेलं, आणि मीही त्यांना म्हणालो, "कोलेस्टेरॉल छान आहे." सहा महिन्यांनी पहाटे घामाने चिंब होऊन, गॅस झालाय म्हणत, बायकोच्या आधाराने दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले. मोठा अटॅक होता. ते वाचले, पण हृदयाचा पंप कायमचा अशक्त झाला. मी पुन्हा त्यांचा जुना रिपोर्ट काढून पाहिला. एचडीएल २९. एकूण १७६ मधून २९ वजा केले की उरतात १४७, आणि ते १४७ एका मधुमेही, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं फिरत होते. ती वजाबाकी मी केली असती तर! तेव्हापासून एकूण कोलेस्टेरॉल पाहून मी कुणालाही शाबासकी दिलेली नाही.

तर पहिली सवय ही लावून घ्या. एकूणमधून एचडीएल वजा करा. याला नॉन-एचडीएल म्हणतात. तुमचं येतं २२८ वजा ३८, म्हणजे १९०. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे जितके कण आहेत, एलडीएल आणि त्याची भावंडं, त्या सगळ्यांमधलं कोलेस्टेरॉल यात येतं. शिवाय बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. तुमचंच करून पाहा. २२८ वजा ३८ वजा ३९, बरोबर १५१. हे सूत्र १९७२ सालचं आहे. ट्रायग्लिसराइड्स वाढत जातात तसं ते चुकायला लागतं, आणि ४००च्या वर तर वापरूच नये. नॉन-एचडीएलला ही अडचण नाही, आणि त्यासाठी उपाशीपोटी राहायचीही गरज नसते.

ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी ही तुमची जोडी आपल्याकडे फार दिसते. पोट सुटलेलं, साखर सीमारेषेवर, आणि रिपोर्टवर ही जोडगोळी. अशा वेळी एलडीएलचे कण आकाराने लहान आणि संख्येने जास्त असतात. तेवढाच माल मोठ्या ट्रकऐवजी छोट्या टेम्पोंत भरला तर गल्लीत गाड्या जास्त शिरणार, तसं. म्हणून तुमच्या बाबतीत १५१ हा आकडा धोका थोडा कमीच करून सांगतो आहे. अपोबी नावाची तपासणी थेट कणांची संख्या सांगते, कारण अशा प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. परवडत असेल तर एकदा करा. नाहीतर नॉन-एचडीएलवर भागतं.

आता ट्रेडमिलकडे येतो, कारण तुमचं घोडं खरं तिथेच अडलं आहे. लोकांच्या डोक्यात पाइपचं चित्र असतं: आत कचरा साचतो, पाइप बारीक होतो, एक दिवस बंद. त्या चित्राप्रमाणे ट्रेडमिल नॉर्मल म्हणजे पाइप मोकळा. मला मुंबईच्या जुन्या चाळीची भिंत जास्त जवळची वाटते. पावसाळ्यात पाणी भिंतीच्या आत मुरतं. बाहेरून रंग ठीक दिसतो, खोलीही लहान झालेली नसते. आत मात्र प्लास्टर भुसभुशीत होत असतं, आणि एके दिवशी अचानक पोपडा सुटतो. एलडीएलचे कण असेच रक्तवाहिनीच्या अस्तराखाली मुरतात, तिथे अडकतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज राहते, चरबीचा मऊ गाभा तयार होतो. त्यावरचं पातळ आवरण फाटलं की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. अटॅक म्हणजे ही गुठळी.

पुष्कळ अटॅक अशा जागी येतात जिथे आदल्या दिवशीपर्यंत वाहिनी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नव्हती. ट्रेडमिल धावताना रक्त कमी पडतं का एवढंच दाखवतं, आणि ते साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाल्यावर कमी पडायला लागतं. टूडी इको हृदयाचे स्नायू आणि झडपा दाखवतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती नव्हे. दोन्ही नॉर्मल आले याचा आनंद जरूर माना. आज तुमच्या हृदयाला रक्त पुरतं आहे. भिंतीत ओल किती आहे, याबद्दल त्या दोन कागदांवर काहीच लिहिलेलं नाही.

ओल किती मुरली हे ठरतं पाणी किती आणि किती वर्षं, यावर. ही "किती वर्षं" बाजू लोक विसरतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही बरीच वर्षं विसरलो होतो. काही लोकांत पीसीएसकेनाइन या जनुकात जन्मजात बदल असतो आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल लहानपणापासूनच कमी राहतं. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी. पन्नाशीनंतर गोळीने तेवढंच एलडीएल उतरवलं तर इतका फायदा मिळत नाही, कारण मुरायचं ते आधीच मुरून बसलेलं असतं. बेचाळिसाव्या वर्षी घेतलेला निर्णय म्हणूनच साठाव्या वर्षी घेतलेल्यापेक्षा मोलाचा असतो.

आणि ओलीला सोबती असतात. २००४ साली ५२ देशांतल्या अटॅक आलेल्या लोकांचा इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अटॅकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टींनी समजावता आला: बिघडलेले कोलेस्टेरॉलचे कण, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. तुमच्या वडिलांचं ४९ हे वय आपल्याकडे अपवादाचं नाही.

तुमच्याकडे यातले किती सोबती जमले आहेत? वडिलांना ५५च्या आत अटॅक, हा पक्का. कमर ९६, आपल्या पुरुषांसाठी मर्यादा ९० मानतात. साखर ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाब एकदाच मोजून मी शिक्का मारणार नाही, पण १३४/८६ दुर्लक्ष करण्यासारखा नाही. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. आणि सिगारेट. "दोन-तीनच" हे तुम्ही लिहिलंत, त्यातला "च" मी रोज ऐकतो. हृदयाच्या बाबतीत सिगारेटचं गणित सरळ भागाकाराचं नाही. दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा धोका असतो. तीनावरून एकावर आणल्याने हाती फारसं लागत नाही. शून्यावर आणल्यानेच लागतं. गोळीबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, सिगारेटबद्दल अर्धी. माझ्या दृष्टीने प्राधान्य उलटं आहे.

म्हणजे त्या शिक्षिकांचं आणि तुमचं एलडीएल सारखं असूनही माझा सल्ला सारखा नाही. त्यांच्या भिंतीत साठाव्या वर्षीही कॅल्शियमचा मागमूस नाही. तुमच्याकडे आकडा तोच, सोबती पाच, आणि पुढे चाळीस वर्षं.

आता आकडेमोड. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांप्रमाणे कमी धोक्याच्या सर्वसामान्य माणसाचंही एलडीएल १००च्या आत असावं. मधुमेह, उच्च रक्तदाब असे जास्त धोक्याचे लोक असतील तर ७०च्या आत, आणि ज्यांना आधीच अटॅक येऊन गेला आहे त्यांच्यात ५५च्या आत. तुमचा रक्तदाब घरीही असाच निघाला, तर मी तुमच्यासाठी ७०च्या जवळ जायचं ध्येय ठेवेन. १५१वरून तिथे पोहोचायचं कसं? खाणंपिणं मनापासून सुधारलं तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. म्हणजे १५१चे १३० होतील. रोझुव्हास्टॅटिन १० साधारण ४५ टक्के उतरवते. नुसती गोळी घेतली तर १५१चे ८३, आणि आहार सुधारून वर गोळी घेतली तर १३०चे सुमारे ७२. नुसत्या पथ्याने तुम्ही पोहोचत नाही, नुसत्या गोळीनेही पुरतं पोहोचत नाही. म्हणून तपासणीच्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी मला घाईची वाटत नाही.

तरी सुरू करण्यापूर्वी मी चार गोष्टी मागितल्या असत्या. एक, टीएसएच, थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच वाढतं आणि थायरॉइडच्या उपचाराने उतरतंही. दोन, लिव्हर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. तीन, उपाशीपोटी पुन्हा एकदा लिपिड प्रोफाइल, कारण एका मोजणीत दहा टक्के इकडेतिकडे सहज होतं आणि आदल्या रात्रीच्या पार्टीने ट्रायग्लिसराइड्स भलतेच चढतात. चौथी तपासणी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलसारखाच, पण जास्त चिकट कण. तो जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतो, खाण्याने हलत नाही, साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही, आणि आयुष्यात एकदा मोजला तरी बहुतेकांना पुरतो. ५०च्या वर आला तर तुमच्या वडिलांच्या अटॅकचं कोडं थोडं उलगडेल, आणि गोळीबद्दल माझ्या मनात उरलीसुरली शंकाही राहणार नाही. कॅल्शियम स्कोअरचा स्कॅन मी तुम्हाला लगेच सुचवणार नाही. बेचाळिशीत तो शून्य येणं स्वाभाविक आहे, मऊ गाभा त्यात दिसत नाही, आणि शून्य पाहून तुम्ही आणखी दहा वर्षं निर्धास्त व्हाल ही मला भीती वाटते.

गोळीच्या भीतीबद्दल. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच बनवतं, त्यात लिव्हरचा वाटा मोठा. स्टॅटिन ते उत्पादन थोडं रोखतं. मग लिव्हर गरज भागवण्यासाठी रक्तातलं एलडीएल पकडणारे हात, म्हणजे रिसेप्टर, वाढवतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं. पहिलं स्टॅटिन सापडलं ते जपानच्या अकिरा एंडो यांना, एका बुरशीत. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्के कमी केले, आणि त्यानंतर लाखो लोकांवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब असं सांगतो की एलडीएल साधारण ३९ने उतरलं की अटॅक आणि स्ट्रोकचा धोका सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो. इतका भक्कम पुरावा असलेली औषधं माझ्या कपाटात थोडी आहेत.

त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. काहींचे स्नायू खरंच दुखतात. मात्र २०२० साली लंडनमध्ये, स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. खऱ्या गोळीने झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास पोकळ गोळीनेही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतांशी गोळी नव्हती. साखरेवर स्टॅटिनचा किंचित परिणाम होतो आणि तो तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसातच जास्त दिसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अटॅक टाळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. साखर दर सहा महिन्यांनी तपासायची, आणि कमरेचा घेर उतरवला तर ती स्वतःच मागे फिरते. "सुटत नाही" म्हणजे व्यसन लागतं असं नव्हे. बंद केलीत तर काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा १५१ होईल, एवढंच. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसतं, म्हणून कुणी चष्म्याला व्यसन म्हणत नाही.

आईंना माझा निरोप द्या. त्यांनी काळजीने केलं आहे, पण चुकीच्या दारावर पहारा बसवला आहे. पोह्यांवर भुरभुरलेलं ओलं खोबरं आणि दिवसाला एक अंडं तुम्हाला चालेल. खोबरेल तेलात रोजचा स्वयंपाक मात्र नको, कारण त्यातली जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते. शेंगदाणा तेलात ती साधारण पाचवा हिस्सा असते. वरणभातावर चमचाभर तूप ठीक, चपातीवर, शिऱ्यात आणि वर पुन्हा वाटीत असं नको. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल-मुक्त" लिहिलेलं पाहून तेच तेल सढळ हाताने वापरणारी घरं मी खूप पाहिली आहेत. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, शेंगदाण्याच्या नाही की पामच्या नाही.

तुमचं खरं नुकसान बहुधा घराबाहेर होत असणार. स्टेशनवरचा वडापाव, त्याच त्याच तेलात तळलेलं फरसाण, चहाबरोबर खारी आणि नानकटाई, संध्याकाळी सातला भूक लागली की शेवेची पुडी, रात्री साडेनवाला भाताचा डोंगर. ट्रायग्लिसराइड्स १९५ तुपाने कमी, साखर-मैदा-भाताने आणि दारूने जास्त वाढतात. डब्यात उसळ जास्त आणि चपाती एक कमी करा. मटकी, चवळी, हरभरा, मेथी, ओट्स, रात्री इसबगोल. यांतला विरघळणारा तंतू एलडीएल खरोखर खेचून घेतो. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली, पण कालवणात, तळून नाही. मुलुंडला एक स्टॉप आधी उतरून चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत, आणि दम थोडा लागला पाहिजे.

एचडीएल ३८ वाढवण्याची गोळी मागू नका. ती वाढवणारी औषधं निघाली, आकडा वाढला, अटॅक काही कमी झाले नाहीत. त्यातलं एक औषध २००६ साली मृत्यू वाढल्यामुळे चाचणीतच थांबवावं लागलं. चालणं आणि सिगारेट सोडणं यांनी एचडीएल थोडं वर येतं, तेवढं पुरे.

तर क्रम असा ठेवा. सिगारेट आजपासून बंद. जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यासाठीही औषधं आहेत. या आठवड्यात वरच्या चार तपासण्या आणि घरचा रक्तदाब. ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी त्यांच्याशी बोलून सुरू करा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड आणि लिव्हर. आकडा ध्येयापाशी आला म्हणून गोळी स्वतःहून सोडू नका, आणि नाही आला तर निराश होऊ नका. जोडीला इझेटिमाइब नावाची स्वस्त गोळी आहे. मध्येच कधी दादरचा पूल चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब जाणवला आणि थांबल्यावर गेला, तर नॉर्मल ट्रेडमिलचा कागद विसरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घामासकट दुखणं पंधरा मिनिटं राहिलं तर अँटासिड घेऊन वाट पाहायची नाही, १०८ला फोन करायचा.

आणि तुमच्या बहिणीबद्दल विचारतो, जी ३७ वर्षांची आहे, ठाण्याला असते, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. वडील तिचेही तेच आहेत. तिचं लिपिड प्रोफाइल आणि लायपोप्रोटीन-ए कधी झालं आहे का? झालं नसेल तर तुमच्याबरोबर तिचंही रक्त याच आठवड्यात जाऊ द्या. ती मूल होण्याचा विचार करत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा देत नाहीत.